पान लागलं तर धावतो, दारूनं पडला तर का थांबतो?

शेतकरी बंधूंनो, रात्रीचे दहा वाजले आहेत आणि गावात कोणाला तरी पान लागल्याची बोंब झाली, असे समजा. पुढे काय होते ते तुम्हाला सांगायला नको. कोणी १०८ ला फोन लावतो, कोणी गाडी काढतो, सरपंच चप्पल न घालता धावत येतात, पोलीस पाटील बॅटरी घेऊन हजर होतात. साप विषारी होता की साधी धामण होती, याची चर्चा करत कोणी बसत नाही. आधी माणूस दवाखान्यात पोहोचला पाहिजे, एवढे आता खेड्यापाड्यातल्या लहान पोरालाही कळते.

आता त्याच गावात, त्याच रात्री, पारापाशी दुसरा एक गडी पडलेला आहे. तोंडाला वास आहे, हाक मारली तर ओ देत नाही. जाणारा-येणारा पाहतो आणि पुढे जातो. कोणी म्हणतो, “राहू द्या ना भाऊ, पेला हाये तो. सकाळी उतरते आपोआप.” दोघे-तिघे त्याला उचलून घरी टाकतात. बायको कपाळावर हात मारून घेते, गोधडी टाकते आणि लेकरांना घेऊन आतल्या खोलीत निजते. सकाळी बहुतेक वेळा त्याची खरोखरच उतरलेली असते. पण एखाद्या सकाळी अंग गार लागते आणि मग घरात रडारड सुरू होते.

दोघांच्याही अंगात विषच गेलेले असते. एकाला आपण रोगी समजतो आणि दुसऱ्याला गुन्हेगार, फरक एवढाच. दारू चांगली की वाईट यावर आपल्या गावात पुष्कळ बोलून झाले आहे. आज या पानावर त्याबद्दल काही सांगायचे नाही. दारूने पडलेल्या माणसाला दवाखान्यात केव्हा न्यायचे, का न्यायचे आणि नेताना काय करायचे, एवढेच सांगायचे आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची कर असो, लग्नाची वरात असो, आठवडी बाजार असो की कापसाचा चुकारा हाती पडल्याची संध्याकाळ असो, ही वेळ कोणत्याही घरावर येऊ शकते.

‘उतरते’ म्हणजे किती वेळात?

आपण ‘उतरेल’ म्हणतो, पण त्याचा हिशेब कधी मांडत नाही. तो मांडून पाहा. सरकारमान्य बाटलीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. १८० मिलिलिटरच्या एका पावात म्हणजे सुमारे साठ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल पोटात जाते. माणसाचे यकृत, म्हणजे काळीज, तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल जाळते. म्हणजे एक पाव पुरता उतरायला सहा ते नऊ तास लागतात. दोन पाव घेतले तर दुप्पट वेळ. हातभट्टीच्या दारूत किती टक्के काय आहे ते तर विकणाऱ्यालाही ठाऊक नसते, तिथे हिशेबच चालत नाही.

यावरून दोन गोष्टी ध्यानात घ्या. पहिली, काळजाचा हा वेग काही केल्या वाढत नाही. लिंबू चोखवा, ताक पाजा, लोणचे चाटवा, कोरी कॉफी द्या की डोक्यावर घागरभर पाणी ओता, दारू आपल्या वेळेनेच उतरते. उलट बेशुद्ध माणसाच्या तोंडात ताक किंवा पाणी ओतले तर ते श्वासनलिकेत जाऊन जीव गुदमरतो. दुसरी गोष्ट अशी, की शेवटचा पेला घेतल्यानंतरही रक्तातले अल्कोहोल काही वेळ चढतच राहते, कारण पोटातला माल अजून रक्तात जायचा असतो. म्हणून गुत्त्यावरून चालत आलेला माणूस घरी आल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने बेशुद्ध पडू शकतो. ‘आला तेव्हा तं चांगला होता’ असे घरचे सांगतात, ते खरेच असते.

जास्त दारू मेंदूतल्या श्वास चालवणाऱ्या जागेलाच गुंगी आणते. श्वास मंदावतो. घशात काही आले की खोकून बाहेर टाकायची जी नैसर्गिक शक्ती असते, तीही जाते. अशा वेळी उताणा पडलेला माणूस आपल्याच उलटीने गुदमरून मरू शकतो. सोबत झोपेची किंवा नशेची गोळी घेतली असेल तर धोका आणखी वाढतो, कारण ही दोन्ही औषधे श्वासावरच दाब देतात.

झोपला की बेशुद्ध झाला?

हे ओळखायला डॉक्टर लागत नाही. जोराने हाक मारा, खांदा हलवा, कानाची पाळी किंवा दंडाचा आतला भाग चिमटा. झोपलेला माणूस कुरकुरतो, हात झटकतो, शिवी देतो. शिवी दिली तर राग मानू नका, ते चांगले लक्षण आहे. पण चिमटा काढूनही हालचाल नसेल तर तो झोपलेला नाही, बेशुद्ध आहे.

मग छातीकडे पाहा आणि घड्याळ लावून श्वास मोजा. मिनिटाला आठपेक्षा कमी श्वास असतील, किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांहून जास्त खंड पडत असेल, तर एक क्षणही थांबू नका. ओठ-नखे निळसर किंवा राखाडी दिसणे, अंग थंडगार व चिकट लागणे, झटके येणे, गुंगीत उलट्या होणे, घशातून घरघर आवाज येणे, यांपैकी एक लक्षण दिसले तरी पुरे. पाचही लक्षणे जमा होण्याची वाट पाहायची नसते.

गाडी येईपर्यंत त्याला एका कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात वाकवून पुढे टेकवा, म्हणजे तो उताणा होणार नाही. तोंड किंचित जमिनीकडे असू द्या, म्हणजे उलटी झाली तर बाहेर पडेल. गळ्याची गुंडी, करदोडा, पट्टा सैल करा. अंगावर पांघरूण घाला. बोटे घालून किंवा मिठाचे पाणी पाजून उलटी काढायचा प्रयत्न करू नका. आणि त्याला एकटे सोडू नका. सावध असला, बडबडत असला, तरी रात्रभर कोणीतरी उशाशी बसावे आणि मधून मधून हलवून पाहावे.

वास दारूचा, दुखणे भलतेच

सर्वांत मोठी फसगत इथेच होते. तोंडाला वास आला की आपण निदान करून मोकळे होतो. पण दारू प्यालेल्या माणसाला दुसरे काही होत नाही, असे थोडेच आहे?

डोक्याचा मार घ्या. गडी पुलावरून, बंडीवरून किंवा मोटारसायकलवरून पडतो, उठतो, घरी येतो आणि झोपतो. कवटीच्या आत रक्त हळूहळू साचत जाते आणि गुंगी वाढत जाते. घरचे समजतात दारूची गुंगी आहे. म्हणून डोक्यावर टेंगूळ, खरचटणे, कानातून किंवा नाकातून रक्त, एक बाहुली मोठी आणि एक लहान, असे काही आहे का ते उजेड पाडून पाहा. शंका आली तर मान सरळ धरूनच हलवा.

औषधाचे घ्या. आपल्या वऱ्हाडात कीटकनाशकाला औषधच म्हणतात, आणि ‘औषध घेतलं’ या शब्दाचा दुसरा अर्थ प्रत्येक गावाला माहीत आहे. घरात भांडण झालेले, बँकेची नोटीस आलेली, त्यात दारू पोटात, अशा रात्री माणूस कपाशीवरचा डबा उघडतो. दारूच्या वासात औषधाचा वास लपतो. तोंडाला फेस, लाळ आणि घाम यांची धार, डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, अंगाचे मांस फडफडणे, छातीत घरघर, कपड्यातच संडास-लघवी, ही लक्षणे दारूची नव्हेत. ती औषधाची आहेत. नुसत्या फवारणीनेही हे होते. २०१७ च्या हंगामात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. दिवसभर फवारणी करून संध्याकाळी शीण घालवायला पेला घेणाऱ्याच्या बाबतीत तर हटकून चूक होते. अशा माणसाचे कपडे काढा, अंग साबणाने धुवा आणि औषधाचा डबा लेबलसकट दवाखान्यात न्या.

सापाचे तर नवलच आहे. मण्यार रात्री झोपेत चावते, तिच्या चाव्याची आग होत नाही, दाताची खूणही धड दिसत नाही. पहाटे पोट दुखते, पापण्या जड होतात, जीभ अडखळते, मान टाकली जाते. पाहणाऱ्याला वाटते, रात्रीची अजून उतरली नाही. ज्या पान लागण्यासाठी सारे गाव धावते, तेच पान दारू प्यालेल्याला लागले तर कोणी ओळखतही नाही!

याखेरीज साखर कमी होणे आहे. रिकाम्या पोटी सतत पिणाऱ्याच्या रक्तातली साखर एकदम घसरते, मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर जास्तच. आणि आपल्या अकोल्या-अमरावतीचा मे महिना तुम्ही जाणताच. पारा पंचेचाळीसच्या पलीकडे जातो. दारूने अंगातले पाणी आधीच कमी झालेले, त्यात माणूस धुऱ्यावर उन्हात पडला तर उष्माघात होतो. अंग तापलेले, घाम नाही आणि शुद्ध नाही, अशा माणसाला सावलीत घ्या, ओल्या कापडाने अंग पुसा, वारा घाला आणि लगेच दवाखान्यात हलवा.

तात्पर्य एवढेच की बेशुद्ध माणसाच्या तोंडाला दारूचा वास आला म्हणजे त्याने दारू घेतली एवढेच कळते. तो बेशुद्ध का पडला, हे त्यावरून कळत नाही.

दुसऱ्या दिवशी दिसेनासे झाले तर

आता विषारी दारूबद्दल. गुळाची किंवा मोहाची दारू आंबवताना जो अल्कोहोल तयार होतो त्याला इथेनॉल म्हणतात. कारखान्यात रंग, वार्निश, रसायने यांसाठी वापरतात ते मिथेनॉल. दिसायला तसेच, वासाला जवळपास तसेच आणि नशाही येते. जादा पैशाच्या लोभाने कोणी हातभट्टीत असे कारखान्याचे स्पिरिट मिसळतो आणि मग एका रात्रीत अनेक घरे उजाड होतात. मुंबईत विक्रोळीला डिसेंबर २००४ मध्ये ८७ माणसे गेली. मालवणीला जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक गेली. तामिळनाडूत कल्लकुरिची येथे जून २०२४ मध्ये साठाहून अधिक गेली.

हे सारे दूरचे वाटत असेल तर आपल्याच महसूल विभागातले उदाहरण घ्या. एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीमुळे दारूची दुकाने बंद होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या वणी येथे दारू मिळेना म्हणून काही जण हात धुवायचे सॅनिटायझर प्याले. त्यात सात जण मरण पावले. सॅनिटायझर पिण्यासाठी बनवलेले नसते, आणि करोनाच्या काळात तर काही बनावट सॅनिटायझरमध्ये मिथेनॉल सापडल्याचे इशारेही दिले गेले होते. पण तलफ आलेल्या माणसाला बाटलीवरचे लेबल दिसत नाही.

मिथेनॉलची चाल समजून घ्या, कारण ती फसवी आहे. मिथेनॉल स्वतः फारसे काही करत नाही. शरीरात त्याचे फॉर्मिक आम्ल होते आणि ते आम्ल डोळ्यांच्या नसा जाळते. याला वेळ लागतो, साधारण बारा ते चोवीस तास. सोबत साधी दारू घेतली असेल तर आणखी उशीर होतो. म्हणजे रात्री प्यालेला माणूस सकाळी उठतो, चहा घेतो, कधी कामालाही जातो. मग डोके दुखते, पोटात कळा येतात, उलट्या होतात, डोळ्यांपुढे धुके किंवा पांढरे ठिपके येतात, धाप लागते. घरचे म्हणतात, “रातची जास्त झाली, दुसरं काय!” आणि कोणी उतारा म्हणून त्याच बाटलीतला घोट पाजतो. हे कधीही करू नका.

प्याल्याच्या दुसऱ्या दिवशी डोळ्यांना अंधुक दिसले, तर ते मिथेनॉल आहे असे धरूनच चाला. दहा मिलिलिटर मिथेनॉलने, म्हणजे दोन चहाच्या चमच्यांएवढ्याने, दृष्टी जाऊ शकते. याच्यापेक्षा थोड्या जास्तीने जीव जातो. पण वेळेत पोहोचले तर उपाय आहेत. मिथेनॉलचे आम्ल होऊ न देणारे उताऱ्याचे औषध आहे, रक्तातले आम्ल मारायला सोडा-बायकार्बोनेटची सलाईन आहे, आणि विष गाळून काढायला डायलिसिस आहे. यातले डायलिसिस गावच्या दवाखान्यात होत नाही, म्हणून अशा रोग्याला लवकर पुढे हलवावे लागते.

एक गोष्ट विशेष लक्षात ठेवा. एकाला त्रास झाला तर त्या रात्री त्याच ठिकाणची दारू प्यालेले जेवढे असतील तेवढे सगळे तपासणीला न्या, ‘मले काही झालं नाही’ म्हणणारेसुद्धा. आणि ज्याच्याकडे बाटली उरली असेल ती ओतू नका. ती बंद करून सोबत द्या.

सोडली म्हणून फेफरे आले

आता पिण्याने नव्हे, तर सोडल्याने होणाऱ्या दुखण्याविषयी. हे आपल्या गावात सर्वांत कमी कळते.

वर्षानुवर्षे रोज सकाळ-संध्याकाळ पिणाऱ्या माणसाचे शरीर दारूला धरूनच चालायला शिकलेले असते. तो एकदम थांबला की काही तासांतच हात कापतात, घाम सुटतो, झोप उडते, जीव घाबरा होतो. सहा ते अठ्ठेचाळीस तासांत फेफरे येऊ शकते. आणि दोन ते चार दिवसांनी काही जणांना भ्रम होतो. भिंतीवर किडे-साप दिसतात, नसलेली माणसे बोलतात, तो उठून पळतो, घरच्यांना ओळखत नाही. ताप चढतो, छाती धडधडते. घरातली मंडळी घाबरतात. “बाहेरचं झालं,” म्हणून त्याला बांधून भगताकडे नेतात. दोन दिवस त्यात जातात. हा भ्रम उपचाराविना जीव घेऊ शकतो. दवाखान्यात वेळेवर योग्य गोळ्या-इंजेक्शने आणि बी-१ जीवनसत्त्व मिळाले तर बहुतेक माणसे बरी होतात.

असे केव्हा घडते? माळ घालण्याचा निश्चय केला तेव्हा, श्रावण पाळला तेव्हा, गावात अचानक दुकान बंद झाले तेव्हा. आणि अनेकदा दवाखान्यातच! पाय मोडला म्हणून भरती केले, ऑपरेशन नीट झाले, आणि तिसऱ्या दिवशी रोगी सलाईन उपटून पळू लागला. कारण घरच्यांनी लाजेखातर डॉक्टरांना सांगितलेच नव्हते की हा रोज पितो. मायबाईंनो, इथे लाजू नका. कोणत्याही कारणाने भरती करताना रोज किती घेतो आणि शेवटची केव्हा घेतली, या दोन गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घाला.

“मंग काय त्याले पिऊच द्यावं?” असे तुम्ही विचाराल. नाही. सोडायचीच आहे, पण रोज पिणाऱ्याने डॉक्टरांच्या नजरेखाली सोडावी. आठवडाभराच्या औषधांनी हा कठीण काळ निभावून जातो. पुढे न पिता राहण्याचे काम मात्र वर्षानुवर्षांचे आहे. त्यासाठी व्यसनमुक्ती केंद्रे आहेत. पुण्याच्या ‘मुक्तांगण’ने १९८६ पासून हे काम महाराष्ट्राला दाखवून दिले आहे. न पिणाऱ्यांचे स्वतःचे अल्कोहोलिक्स अनॉनिमसचे गट जागोजागी भरतात, तिथे पैसे लागत नाहीत. १४४४६ या व्यसनमुक्तीच्या आणि १४४१६ या मानसिक आरोग्याच्या सरकारी क्रमांकांवर फुकट बोलता येते.

केंद्र सरकारने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार देशात दारूच्या दुखण्यासाठी मदतीची गरज असलेले लोक सुमारे पावणेसहा कोटी आहेत, आणि दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच काही ना काही उपचार मिळतात. उरलेल्या ३७ जणांची गाठ डॉक्टरांशी पडते ती बहुधा अपघात विभागातच, तीही तिथपर्यंत पोहोचले तर.

पोलीस केस होईल का?

रोग्याला नेताना पाय अडखळतो तो या भीतीने. विष, अपघात, मारामारी किंवा संशयास्पद बेशुद्धी असेल तर दवाखाना पोलिसांकडे नोंद देतो, हे खरे आहे. पण ती नोंद होईपर्यंत उपचार थांबत नाहीत, थांबवता येत नाहीत. आधी जीव वाचवायचा, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ सालीच सांगून ठेवले आहे, आणि ते सरकारी तसेच खाजगी डॉक्टरांनाही लागू आहे. रस्ता अपघातातल्या जखमीला चांगुलपणाने दवाखान्यात पोहोचवणाऱ्याला तर २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने संरक्षण दिले आहे. त्याला नाव सांगण्याची सक्ती करता येत नाही.

या भीतीने काय होते, याचा विचार करा. विषारी दारू प्यालेला माणूस घरातच लपून राहतो. घरचे पोटदुखी सांगतात. कोणी मेला तर गुपचूप अंत्यविधी उरकला जातो. मग त्याच गुत्त्यावरचे बाकीचे दहा जण धोक्यात आहेत, हे कोणाला कळतच नाही.

दवाखान्याची वाट आधीच ठरवा

१०८ ची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यभर आहे आणि ती फुकट आहे. फोन लावताना गावाचे नाव, तालुका, जवळची ठळक खूण आणि ‘माणूस बेशुद्ध आहे, श्वास मंद आहे’ असे स्पष्ट सांगा. नुसते ‘दारू पिऊन पडला’ म्हणाल तर ऐकणाऱ्याच्याही मनात तेच येते जे तुमच्या मनात आले होते.

सपाटीवरच्या गावांचे बरे आहे. दर्यापूर, अचलपूर, मोर्शी, मूर्तिजापूर, अकोट इथपर्यंत पोहोचता येते आणि पुढे अमरावतीचे इर्विन किंवा अकोल्याचे सर्वोपचार रुग्णालय गाठता येते. मेळघाटातल्या बंधूंची गोष्ट वेगळी. धारणीहून अमरावती दीडशे किलोमीटरच्या घरात, तेही घाटातून. तिथे ‘सकाळपर्यंत पाहू’ म्हणणे म्हणजे दुपार गमावणे. म्हणून जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात आधी पोहोचा, तिथे श्वास, साखर आणि सलाईन सांभाळले जाते, आणि पुढची गाडी तिथूनच मिळते.

बेशुद्ध माणसाला दोघांच्या मधात मोटारसायकलवर कोंबून नेऊ नका. मान पुढे पडून श्वास कोंडतो. जीप किंवा ॲपे असेल तर मागे कुशीवर निजवा. सोबत शुद्धीवरचा, न प्यालेला माणूस द्या. त्याने डॉक्टरांना सांगायच्या गोष्टी अशा: काय प्याला, कुठली होती, केव्हा आणि किती, सोबत गोळी किंवा औषध घेतले का, पडला होता का, मधुमेह किंवा फेफरे आहे का, रोजचा पिणारा आहे का.

सरपंच आणि पोलीस पाटलांसाठी

गावकारभाऱ्यांनो, आता तुमच्याशी दोन शब्द. पुढच्या ग्रामसभेत हा विषय घ्या. त्याला निधी लागत नाही. रात्री गाडी कोण देईल, त्या चार-दोन जणांची नावे आणि नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहा. खाली १०८ आणि ११२ लिहा. आशाताईंना, अंगणवाडीताईंना आणि गावातल्या तरुण पोरांना कुशीवर निजवणे आणि श्वास मोजणे शिकवा. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावले तर अर्ध्या तासात ते शिकून होते. पोळा, कर, गणपती, होळी आणि निवडणूक या दिवसांत कोतवालाला रात्री एक फेरी मारायला सांगा. नाला, पूल आणि पार या तीन जागा पाहिल्या तरी पुष्कळ झाले.

पोलीस पाटलांनी एका गोष्टीकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. एका दिवसात दोन-तीन जणांना उलट्या, पोटदुखी आणि अंधुक दिसण्याचा त्रास झाला, तर ती योगायोगाची गोष्ट नव्हे. त्याच घटकेला आरोग्य केंद्राला आणि ठाण्याला कळवा. त्या एका फोनने आणखी कितीतरी माणसे वाचू शकतात.

दुकान बंद करण्याचा मार्गही कायद्याने दिलेला आहे. २००८ च्या शासन आदेशाप्रमाणे गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सहीनिशी मागणी केली की राज्य उत्पादन शुल्क खाते पडताळणी करते आणि गुप्त मतदान होते. एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून अधिक मते ‘आडव्या बाटली’ला पडली तर परवान्याचे दुकान बंद होते. हातभट्टी तर आधीच बेकायदा आहे, तिला मतदान लागत नाही.

पण बाटली आडवी करताना एक तयारी ठेवा. दुकान बंद झाले तरी तलफ बंद होत नाही. वर्धा नदीच्या पलीकडे वर्धा जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून दारूबंदी आहे, तरीही तिथे मोहाचा सडवा आणि हातभट्ट्या पकडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. वणीला काय झाले तेही पाहिले. म्हणून दुकान बंद व्हायच्या आधी गावातल्या रोज पिणाऱ्यांची यादी आशाताईंच्या मदतीने करा. ती बदनामीसाठी नको, उपचारासाठी हवी. त्यांना जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात आधी दाखवा. बंदी आणि उपचार या दोन्ही गोष्टी जोडीने चालल्या पाहिजेत. एकच बैल जुंपून बंडी चालत नाही, हे शेतकऱ्याला काय सांगावे!

शेवटी एक गोष्ट. आपल्या या मातीत गाडगेबाबांनी हातात खराटा घेऊन आणि तुकडोजी महाराजांनी खंजिरी घेऊन गावोगाव दारूविरुद्ध लोकांना जागे केले. पण त्याच गाडगेबाबांनी दूरदूरच्या रोग्यांच्या नातेवाइकांसाठी मुंबईत धर्मशाळाही बांधल्या. दारूशी वैर धरा, पण पडलेल्या माणसाला टाकून जाऊ नका.

आज रात्री घरी जाताना पारापाशी कोणी पडलेला दिसला, तर थांबा. हाक मारा, चिमटा काढा, श्वास मोजा. त्याने शिवी दिली तर त्याला घरी सोडा आणि उशाशी कोणाला तरी बसवा. काहीच बोलला नाही, तर त्याला पान लागले आहे असे समजा आणि १०८ ला फोन लावा.